दादांची जीप : आधी चेसिस, शेवटी रंग

प्रश्न : भोरजवळच्या आमच्या गावी वडिलांची, म्हणजे दादांची, १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४० डिझेल जीप गोठ्यालगतच्या पडवीत गेली नऊ वर्षे उभी आहे. आरसीची (नोंदणी पुस्तकाची) मुदत २०१६ साली संपली. मी पुण्यात नोकरी करतो आणि साडेतीन लाखांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. मिलिटरी हिरवा रंग, एकतीस इंची टायर, गाडी चार इंच उंच करणे, नव्या पद्धतीचे कॉमन रेल डिझेल इंजिन, पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचे यंत्र) आणि एलईडी दिव्यांची पट्टी असे माझ्या मनात आहे. एका गॅरेजने हे सगळे तीन महिन्यांत करून देतो असे सांगितले आहे. दादा म्हणतात, आधी आहे ती गाडी चालू कर. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात घाल, नाहीतरी सरकार जुन्या गाड्या बंदच करणार आहे. काय करावे आणि कशापासून सुरुवात करावी?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात इंजिन, टायर, विंच आणि रंग यांना मिळून दीड पान दिलेले आहे आणि ब्रेकचा उल्लेख एकदाही नाही. दादांनी एका वाक्यात जे सांगितले आहे तेच मीही सांगणार आहे, फक्त जरा विस्ताराने. जीप कारखान्यातून जशी आली होती तशी आधी उभी करा, तशीच एक पावसाळा चालवा आणि मग तिच्यात काय बदलायचे ते ठरवा. त्या चार महिन्यांत तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळतील आणि ज्या आज यादीत नाहीत अशा दोन-तीन तिच्यात येतील.

भावाची शंका आधी निकालात काढतो, कारण ती पुष्कळांना असते. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी परिसरातली आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी केवळ तिच्या वयावरून मोडीत काढण्याची सक्ती नाही. गाडी तपासणीत उतरली, पर्यावरण कर भरला, विमा आणि पीयूसी झाले की नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. त्यासाठीचा अर्ज फॉर्म २५ वर करायचा असतो आणि गाडी आरटीओत प्रत्यक्ष न्यावी लागते. जुन्या गाड्यांचे शुल्क अलीकडे बरेच वाढले आहे, शिवाय मुदत उलटून गेल्याचा दंडही निघेल, तेव्हा ही रक्कम खर्चात आधीच धरून ठेवा. आरसी दादांच्या नावावर आहे. ती तुमच्या नावावर करायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या ते आनंदाने करू शकतात तोवरच ते काम उरकून घ्या. पुढे वारसाचे दाखले गोळा करत फिरणे फार जिकिरीचे असते.

आरसी पुस्तकातला चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का, हे गाडी पडवीतून हलवण्याआधी पाहा. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, चॅनेलवर (लांब उभ्या पट्टीवर) जिथे नंबर ठोकलेला आहे तिथली माती ओल्या फडक्याने पुसा, वर पातळ कागद धरा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. एकेक आकडा कागदावर उमटेल. आरटीओतही याच पद्धतीने ठसा घेतात. या ठशाच्या दोन प्रती करा आणि नंबर ठोकलेल्या जागेचा फोटो काढून ठेवा. नंतर सँडब्लास्टिंग करणाऱ्याला किंवा ग्राइंडर चालवणाऱ्याला ती जागा ग्रीस लावून, चिकटपट्टीने झाकून दाखवा आणि इथे हात लावायचा नाही असे स्पष्ट बजावा. गंज काढता काढता नंबरच पुसला गेला, किंवा त्यावर पट्टी मारून वेल्डिंग केले गेले, की चांगली भली गाडी कागदोपत्री बेवारस होते.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा आशय असा, की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तुमचे कॉमन रेल इंजिन थेट या कलमात सापडते. इंजिन नंबर आणि इंधनाचा प्रकार आरसीवर असतो, त्यामुळे वेगळ्या जातीचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बसवले की तपासणीतही अडचण आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते निमित्त. मिलिटरी हिरव्याबद्दल तर वादाला जागाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण खात्याच्या गाड्यांना देता येतो. रस्त्यावर तशा रंगाच्या खासगी जीपा दिसतात हे मला माहीत आहे. त्या पकडल्याही जातात. आरसीत जो रंग लिहिला आहे तोच द्यावा. दुसरा हवाच असेल तर आधी त्याची नोंद करून घ्यावी.

कागद नीट असल्याची खात्री झाली की चेसिस. बोनेटखाली काय आहे यापेक्षा पायाखाली काय उरले आहे यावर या गाडीचे भवितव्य ठरेल. गोठ्यालगत नऊ वर्षे उभी राहिलेली गाडी म्हणजे खालून सतत ओल आणि शेणामुताचा वाफारा. एक लहान हातोडी घ्या, गाडीखाली शिरा आणि दोन्ही चॅनेल पुढून मागे वीतभर अंतराने ठोकत जा. शाबूत लोखंड टणकन वाजते. आतून खाल्लेल्या जागी बद्द आवाज येतो आणि पापुद्रे तोंडावर पडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा लावा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे चेसिसला जोडलेले असतात त्या जागा, अगदी मागचा क्रॉस मेंबर आणि बॉडी ज्या बैठकींवर बोल्टने बसते त्या बैठकी, या तीन ठिकाणी विशेष वेळ द्या. बॉडीच्या तळाखाली आडव्या पोकळ पट्ट्या असतात. त्यांत चिखल साठून राहतो आणि वरचा पत्रा चांगला दिसत असतानाच त्या आतून संपलेल्या असतात.

यात मी स्वतः एकदा फसलो आहे. पहिली जीप घेतली तेव्हा माझाही ओढा रंगाकडेच होता. एका गॅरेजने लांबी (पुट्टी) भरून, घासून, आरशासारखी चकचकीत गाडी हाती दिली. आठच महिन्यांनी वरंधा घाट उतरताना मागच्या डाव्या पाट्याचा हँगर चेसिसपासून फाटला आणि गाडी एका अंगाला बसली. वेग कमी होता म्हणून निभावले. दुरुस्तीसाठी बॉडी उचलली तेव्हा दिसले, की गंजावर नुसताच डांबरासारखा काळा थर फासलेला होता. नवा रंग कापून पुन्हा पहिल्यापासून सगळे करावे लागले. तेव्हापासून बॉडी न उचलता चेसिस बघितला असे सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

बॉडीचा पत्रा फारच गेला असेल तर निराश होऊ नका. हरियाणातल्या मंडी डबवालीत आणि पंजाबातल्या मोग्यात जीपच्या बॉडीचे सुटे भाग, अगदी संपूर्ण बॉडीही, करून मिळतात. मात्र त्यांच्या पत्र्याची जाडी आणि भोकांचे अंतर प्रत्येक वेळी जुळेलच असे नाही. तळाचे तुकडे इथेच एखाद्या चांगल्या पत्रेवाल्याकडून करून घेणे मला अधिक पसंत आहे.

यानंतर थांबणे आणि वळणे. तुमच्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असणार. नऊ वर्षांत व्हील सिलिंडरांचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागांचे) रबर आखडलेले असते, पिस्टन गंजून बसलेले असतात आणि ब्रेक ऑइलने हवेतले पाणी शोषून नळ्या आतून खाल्लेल्या असतात. येथे दुरुस्तीच्या फंदात न पडता सगळे व्हील सिलिंडर, लोखंडी नळ्या, रबरी होज आणि ब्रेक शू नवे घाला. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा भाग) एकाच खणाचा असेल, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जाईल असा असेल, तर दोन खणांचा बसवून घ्या. संपूर्ण यादीत मी आग्रहाने सुचवतो असा बदल हा एकच. ड्रम उघडलेले असताना हबचे ऑइल सीलही बदला, नाहीतर ॲक्सलचे ऑइल पाझरून नव्या शूवर येते आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

पुढचे एकेक चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरा आणि आतबाहेर हलवा. खटखट जाणवली तर चाकाचे बेअरिंग किंवा किंगपिन (पुढचे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते तो खिळा) सैल आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही खटखट राहिली तर दोष किंगपिनचा. जुन्या जीपचे स्टिअरिंग पन्नासच्या वेगाला अचानक थडाथडा हलू लागते, ते बहुतेक वेळा यामुळे किंवा टाय रॉडच्या (दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या दांडीच्या) झिजलेल्या टोकांमुळे, आणि त्यावर स्टिअरिंग डॅम्पर बसवणे म्हणजे तापावर नुसती पट्टी ठेवणे. पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना जे गोल कप असतात त्यांवर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सीलसुद्धा महिनाभरात गळू लागेल. कप घासून गुळगुळीत होतात की बदलावे लागतात, ते हात फिरवून पाहिल्याशिवाय ठरत नाही.

इंजिनाविषयी मी तुमच्याइतका निराश नाही. तुमच्या गाडीत मूळचे प्यूजो बनावटीचे २११२ सीसीचे एक्सडीपी इंजिन असेल तर ते साधारण साठ अश्वशक्तीचे, सौम्य आवाजाचे आणि शांत स्वभावाचे यंत्र आहे. चढावर ते कुणाला मागे टाकणार नाही, पण खालच्या गिअरमध्ये न कुरकुरता ओढत राहते. त्याला एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे तापणे. म्हणून रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्या, पाण्याचे सगळे होज बदला आणि तापमानाचा काटा खरा चालतो आहे याची खात्री करा. उत्साहाच्या भरात बॅटरी लावून एकदम स्टार्टर मारू नका. आधी टाकीतले जुने डिझेल काढून टाकी धुवून घ्या. हीटर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. फिरले नाही तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून आणखी दोन दिवस थांबा. फिरले तर नवे ऑइल, नवे फिल्टर आणि नवे हीटर प्लग घाला. या प्रकारचे इंजिन गार असताना हीटर प्लगशिवाय सुरू होणे कठीण. गाडी सुरू होऊन नीट गरम झाल्यावर ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण काढून पाहा. तिथून गाडीच्या हादऱ्याबरोबर भसाभस धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर गेले आहेत, म्हणजे इंजिन पूर्ण उघडावे लागेल. पंप आणि नोझल मात्र कोणत्याही परिस्थितीत चांगल्या डिझेल लॅबमध्ये तपासून घ्या.

फोर व्हील ड्राइव्हची यंत्रणा आश्चर्यकारकरीत्या टिकाऊ आहे, कारण तिचा वंश थेट विलिज जीपचा आहे, जी महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली. याचा फायदा असा, की गिअर, बेअरिंग आणि सील आजही मिळतात. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात नवे आणि कुर्ल्यात जुने शोधावे. ट्रान्सफर केसचे (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचे) ऑइल बदलून, गाडी शेतातल्या मऊ मातीवर नेऊन चारही चाके जोडून पाहा. डांबरी रस्त्यावर ही चाचणी करू नका. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फरक झेलणारे मधले डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना ताण थेट शाफ्टवर आणि गिअरवर येतो. लो रेंजमध्ये वेग सुमारे अडीच पटीने घटतो आणि ओढ तितकीच वाढते. ज्या चिखलासाठी तुम्हाला नवे इंजिन हवेसे वाटते आहे, तो चिखल बहुधा लो रेंजची हीच दांडी सोडवेल. गाडी पूर्ण थांबवून मगच ती टाकायची असते.

आता टायर आणि उंची, कारण तुमचे मन तिथे अडकले आहे. या जीपचे मूळ टायर ६.०० - १६ मापाचे, म्हणजे उंच आणि अरुंद. बाजारात सहज मिळणारा २३५/७५ आर १५ हा रेडियल टायर उंचीला जवळजवळ तेवढाच, सुमारे ७३३ मिलिमीटर आहे. तुम्ही म्हणता तो एकतीस इंची ७८७ मिलिमीटरचा. म्हणजे उंची सात टक्क्यांहून अधिक वाढते, प्रत्येक गिअर तितकाच लांबतो, साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला घाटात दुसऱ्याऐवजी पहिला टाकावा लागतो, स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि ब्रेकला जास्त झुंजावे लागते. रुंद टायरने पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचे चाक जागेवर फिरवणे ही दोन माणसांची मेहनत होते आणि ती सगळी किंगपिन आणि स्टिअरिंग बॉक्सच्या नशिबी येते. शिवाय तुमच्या भागातल्या लाल चिखलात अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो, तर रुंद टायर वरच्यावर गुळगुळीत होऊन घसरतो. भातखाचराच्या बांधावरून दादा अरुंद टायरवर वर्षानुवर्षे गेले, ते उगीच नाही.

चार इंच उंची वाढवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी कडी) लावून पुढचे टोक उचलले की ॲक्सलचा कोन फिरतो, गाडी सरळ रस्त्यावर सैरभैर होते, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस लवकर जातात आणि ब्रेकचे होज चाक खाली लोंबताना ताणले जातात. बसलेले पाटे उघडून, साफ करून, त्यांना पुन्हा बाक द्या आणि तुटलेली पाती व बुश बदला. एवढ्यानेच गाडी इंच-दीड इंच वर येईल, कारण ती तेवढी बसलेलीच असणार.

विंच तीस-चाळीस किलोचे असते आणि ते पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकते. त्याऐवजी चेसिसला बोल्टने घट्ट बसवलेले ओढायचे हुक, एक चांगला दोर आणि सोबत दुसरी गाडी घ्या. एलईडीची पट्टी समोरच्याला आंधळी करते. मूळ हेडलाइटला स्वतंत्र रिले आणि जाड वायर दिली तरी उजेडात फरक दिसतो. वायरिंग नवे घालताना प्रत्येक फाट्याला फ्यूज द्या, कारण जुन्या जीपा पेटतात त्या बहुधा वायरिंगमुळे. या वाचलेल्या पैशांतून सगळ्या सीटना पट्टे आणि चेसिसपर्यंत आधार नेलेला रोलबार (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारी नळीची कमान) बसवा. तोही आरटीओत दाखवून आणि विमा कंपनीला कळवून.

जे बदलाल ते बोल्टने बदला, कापून-जोडून बदलू नका आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची जीप त्या वयाला २०४१ साली पोहोचेल. तो दिवस लांब आहे, पण कापलेला चेसिस तोवर पुन्हा जुळणार नाही.

तीन महिन्यांत सर्व काही, असे म्हणणाऱ्या गॅरेजला एकच विचारा, की बॉडी न उचलता त्यांनी हा अंदाज कशावरून बांधला. कामाचे टप्पे लिहून घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि साडेतीन लाखांपैकी एक लाख पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा, कारण बॉडी उचलल्यावर तो लागणारच. सुटे नटबोल्ट डब्यात एकत्र टाकू देऊ नका, प्रत्येक भागाची वेगळी पिशवी आणि तिच्यावर चिठ्ठी हवी. गाडी उघडण्याच्या दिवशी दादांना बरोबर न्या. कोणता गिअर कधी निसटायचा, कोणते चाक तापायचे, कुठे पूर्वी वेल्डिंग झाले आहे, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसेल. ते सांगतील ते वहीत टिपून घ्या.

वेळेचे गणित मात्र सांभाळा. चेसिस उघडा करून त्याला प्रायमर मारण्याचे काम मृगाचा पाऊस पडण्याआधी झाले पाहिजे. पावसाळी हवेत उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस थर चढतो आणि तो पुन्हा काढावा लागतो. मेअखेर गॅरेजची वेळ मिळत नसेल तर घाई करू नका, दसऱ्यापर्यंत थांबा. तोवर गाडी गोठ्यापासून दूर, फरशीवर, चारही चाकांखाली ठोकळे देऊन उभी करून ठेवा.